इअरबड आणि इन-इअर मॉनिटर: सगळा फरक कानाला लागणाऱ्या बुचाचा

प्रश्न असा आहे: इअरबड आणि इन-इअर मॉनिटर, म्हणजेच आयईएम, दोन्ही कानातच घालायचे, दोन्हींत नखाएवढा स्पीकर, दोन्हींना तीच पिन. मग नावं वेगळी कशाला, आवाज इतका वेगळा का येतो, आणि घ्यायचं कोणतं?

इअरबड कानाच्या भोकाबाहेर टेकतो आणि भोक उघडं राहतं. आयईएम भोकात शिरतं आणि त्याला बूच लावतं. बेस किती येणार, बाहेरचा गोंगाट किती अडणार, स्वतःचा आवाज डोक्यात का घुमतो, मळ कुठे साचतो, कानाला इजा कधी होते, हे सगळं त्या बुचावरून ठरतं. ड्रायव्हर, म्हणजे आतला तो छोटा स्पीकर, कोणता, किती, वायर कसली, हे विषय नंतरचे. बूच नीट बसलेलं नसेल तर त्यावर डोकं खपवण्यात काही अर्थ नाही.

आधी नावांचा घोळ सोडवू. आज 'वायरलेस इअरबड्स' म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बहुतेकांना रबरी टिप असते, म्हणजे बांधणीने ते इन-इअरच असतात. ॲपलचे साधे एअरपॉड्स खरे इअरबड आहेत, तर 2019 साली आलेले एअरपॉड्स प्रो इन-इअर. आडनाव एक, जात वेगळी. त्यामुळे खोक्यावर काय छापलंय ते सोडा. टिप आहे का आणि ती कानाच्या नळीच्या आत जाऊन चारही बाजूंनी चिकटते का, एवढंच बघा. चिकटत असेल तर इन-इअर. नुसतंच कानाच्या वाटीसारख्या खळग्यात बसत असेल, वर फोमचं टोपडं असो वा नसो, तर इअरबड.

'मॉनिटर' हा शब्द रंगमंचावरून आला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी तिरके ठेवलेले स्पीकर असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. तेच काम कानात करणारं यंत्र म्हणजे इन-इअर मॉनिटर. जेरी हार्वी हे व्हॅन हेलन या बँडचे साउंड इंजिनिअर. त्यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी असे मॉनिटर बनवले आणि 1995 मध्ये त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्याआधी 1991 मध्ये एटिमोटिक कंपनीचं ईआर-4 आलं होतं. ते श्रवणतपासणीच्या उपकरणांच्या घराण्यातलं, खोल घालायचं आणि गोंगाट अडवायचं. आजच्या आयईएममध्ये या दोन्ही घराण्यांचं रक्त आहे. रोज गाणी ऐकणाऱ्यासाठी 'मॉनिटर' या शब्दाला आता विशेष अर्थ उरलेला नाही. वायर सुटी होते, कानावरून मागे वळते आणि टिप आत जाते, अशा कुठल्याही जोडाला लोक आयईएम म्हणतात.

आता आवाजाकडे येऊ. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा थोडासा ढकला. लगेच दाब जाणवतो. आता बोट किंचित उचला आणि दांडा सावकाश ढकला. हवा निसटून जाते, दांडा तळाशी गेला तरी बोटाला काही कळत नाही. तोच दांडा झटक्यात मारलात तर मात्र बोट उचललेलं असूनही क्षणभर दाब लागतो, कारण हवेला निसटायला वेळ मिळत नाही. बेस म्हणजे सावकाश ढकललेला दांडा. 40 हर्ट्झला स्पीकरचा पडदा सेकंदाला 40 वेळाच पुढेमागे होतो, आणि फट असेल तर तेवढ्या वेळात दाब विरून जातो. 4000 हर्ट्झला फट असली नसली तरी फारसं बिघडत नाही.

म्हणूनच आयईएममध्ये 6 किंवा 10 मिलिमीटरचा छोटासा ड्रायव्हरही पोट हलल्यासारखा बेस देतो. कानात उरलेली हवा जेमतेम एक घन सेंटीमीटरच्या आसपास असते आणि ती कोंडलेली असते. इअरबडमध्ये 14 ते 16 मिलिमीटरचा, म्हणजे बराच मोठा ड्रायव्हर असतो, तरी साधारण 100 हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. ड्रायव्हर कमी पडला असं नाही, हवा निसटली. डग्ग्याची थाप इअरबडवर ऐकू येते, पण तिच्यामागचा घुमारा अर्धवट राहतो. त्यावर इक्वलायझरने, म्हणजे स्वरांचे पट्टे कमीजास्त करायच्या सोयीने, 40 हर्ट्झ वाढवण्याचा नाद करू नका. ड्रायव्हरचा पडदा उगाच जास्त हलतो, आवाज फाटायला लागतो, आणि बेस मात्र फारसा वाढत नाही.

इअरबडची बाजू मात्र लंगडी नाही. कानाच्या उघड्या नळीचा नैसर्गिक घुमार त्यात बराच शाबूत राहतो, त्यामुळे गाणं डोक्याच्या मधोमध न वाजता कानांच्या आसपास मोकळं पसरल्यासारखं वाटतं. कानाच्या पडद्यावर दाब येत नाही. घाम कोंडत नाही. दारावरची थाप, मागून दिलेली हाक ऐकू येते. एकच आवाज, एखादं वाद्य किंवा बोललेला मजकूर शांत खोलीत तासन्‌तास ऐकायचा असेल तर चांगला इअरबड हा आयईएमपेक्षा कमी थकवणारा असतो, हे माझं ठाम मत आहे. इअरबडमध्ये अजूनही चांगली वायरची मॉडेल्स बनतात आणि ती स्वतंत्र परंपरा आहे. 'जुन्या फोनबरोबर फुकट मिळायचे ते' एवढ्यावर तिची बोळवण करणं अन्यायाचं आहे.

इअरबडमध्ये आवाज जमवायची किल्ली म्हणजे फोमचं टोपडं. मधे भोक असलेलं टोपडं वरचे स्वर मोकळे ठेवतं आणि कडेची फट बुजवतं. पूर्ण झाकणारं टोपडं बेस थोडा भरतं, पण वरची धार बोथट करतं. टोपडं न घालता ऐकलं तर बहुतेक कानांत आवाज पातळ आणि टोचरा लागतो. दुसरी किल्ली कोन. इअरबड वाटीत बसवला की त्याची दांडी किंवा वायर काही अंश पुढे, तोंडाच्या दिशेने फिरवा आणि सावकाश मागे आणा. मधे एक जागा अशी सापडते जिथे गायकाचा आवाज एकदम जवळ येतो. तिथे इअरबडचं तोंड कानाच्या नळीच्या रोखाने आलेलं असतं. टोपडं फाटलं किंवा सैल झालं की बेस आधी जातो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ते बदलायला हवं. ज्यांची कानाची वाटी लहान आहे त्यांना 16 मिलिमीटरचं कवच भोकासमोरच्या कूर्चेच्या टोकाला रुततं. तिथे फोम उपयोगी पडत नाही, लहान कवचच शोधावं लागतं.

आयईएममध्ये सगळा जीव टिपमध्ये आहे. केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर 10-15 डेसिबलनी सहज पडतात. महागडं आयईएम 'पातळ वाजतं', 'टोचतं', 'बेसच नाही' अशी तक्रार आली की आधी टिप बघावी. बहुतेकदा तिथेच उत्तर मिळतं.

घालण्याची पद्धत अशी. वायर कानावरून मागे जाणारी असेल तर आधी डावं-उजवं बघून घ्या. आयईएम भोकाशी धरा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन त्याच कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, जबडा थोडा उघडा. मोठ्या माणसाची नळी सरळ नसते, वळलेली असते. असं ओढल्याने ती सरळ होते. आता आयईएम किंचित पिळत आत सरकवा, मग कान सोडा, जबडा मिटा. फोमची टिप असेल तर ती स्वच्छ बोटांत लाटून बारीक करा, पटकन आत घाला आणि 15-20 सेकंद बोटाने धरून ठेवा, म्हणजे ती आत फुगून बसेल. न धरता सोडली तर फुगताना ती स्वतःला बाहेर ढकलते.

बसलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. 40 किंवा 50 हर्ट्झचा सलग स्वर अगदी बारीक आवाजात लावा आणि एका वेळी एकच बाजू तपासा. आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर स्वर ठळकपणे वाढला तर आधी फट होती. दाबूनही तसाच राहिला तर सील ठीक आहे. मग जबडा हलवा, दोन वाक्यं बोला, मान फिरवा. बोलताना बेस ये-जा करत असेल तर तोंड मिटलेलं असताना बसणारी टिप बोलताना सुटते आहे. तिथे एक नंबर बदला किंवा फोम लावा. डावा आणि उजवा कान सारखे नसतात. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठी टिप लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात काही चुकीचं नाही.

इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी. सील होत नाही म्हणून माणूस मोठी टिप घेतो. ती आत जातच नाही, भोकाच्या तोंडावर अडकते, तिथे सुरकुतते आणि आणखी गळते. लहान टिप खोल गेली तर अनेकदा जास्त पक्की बसते. वीस मिनिटांत कान ठणकायला लागला तर टिप मोठी आहे, असंच समजायचं.

किती खोल घालता यावर वरच्या स्वरांचंही गणित अवलंबून असतं. टिपपासून कानाच्या पडद्यापर्यंत जेवढी नळी उरते तिच्यात आवाज घुमतो आणि एका ठिकाणी टोक काढतो, म्हणजे तेवढाच स्वर मोठा होतो. 20 मिलिमीटर उरली तर ते टोक साधारण साडेआठ हजार हर्ट्झवर येतं. 15 मिलिमीटर उरली तर साडेअकरा हजाराच्या आसपास सरकतं. आठ-नऊ हजार म्हणजे 'स' आणि 'श' चा पट्टा. गायिकेचा प्रत्येक 'स' सुरीसारखा येत असेल तर इक्वलायझरला हात लावण्याआधी आयईएम दोन मिलिमीटर आत जाईल अशी टिप लावून बघा. एकाच मॉडेलबद्दल एकजण 'फार टोचतं' म्हणतो आणि दुसरा 'गुळगुळीत आहे' म्हणतो, तेव्हा दोघेही खरं बोलत असतात. दोघांच्या कानांत तो जोड वेगळ्या खोलीवर बसलेला असतो. कोणत्या स्वराला आवाज किती येतो ते दाखवणाऱ्या आलेखावर 8 किलोहर्ट्झला, म्हणजे 8000 हर्ट्झला, दिसणारं टोकही याच कारणाने शब्दशः धरू नये. मोजणीच्या कृत्रिम कानाच्या स्वतःच्या घुमाराचा त्यात मोठा वाटा असतो.

घालताना कागद चुरगळल्यासारखा 'कर्र' आवाज आला तर घाबरू नका. आत कोंडलेली हवा ड्रायव्हरचा पातळ पडदा दाबते, त्याचा तो आवाज. कवचाला हवा जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते बोटाखाली झाकलं जात असेल तर धरायची जागा बदला. कान वर ओढून सावकाश घातलं की सहसा थांबतं. काढताना मात्र जास्त काळजी हवी. झटक्यात उपसलं तर कानाच्या पडद्याला ओढ बसते. आधी कान वर ओढून किंवा आयईएम थोडं पिळून हवा आत घ्या, मग काढा. टिप आतच राहिली तर स्वतः कोरू नका. कड बाहेर दिसत असेल तर दुसऱ्या माणसाने बोथट चिमट्याने पकडून काढावी, नाही तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आत ढकलली गेलेली टिप काढण्याचे घरगुती प्रयोगच पडद्याला इजा करतात.

बुचाची एक किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते. बोलताना स्वतःचा आवाज पिंपात तोंड घातल्यासारखा घुमतो, चालताना टाचेचा ठोका डोक्यात बसतो, चावताना गिरणी चालू आहे असं वाटतं. हाडांतून आणि कूर्चेतून येणारी कंपनं एरवी उघड्या भोकातून बाहेर पडतात. बूच लागलं की ती आतच कोंडली जातात. नळीचा बाहेरचा साधारण तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला हाडाचा असतो. हलतो तो मुख्यतः कूर्चेचा भाग. म्हणून उथळ बसणारी टिप जास्त घुमवते आणि खोल जाणारी कमी. फोनवर सतत बोलणाऱ्या माणसाला उथळ बसणारं आयईएम दिलं तर तो दोन दिवसांत वैतागतो. त्याला इअरबडच बरा.

गोंगाटाचं गणित उलट आहे. साध्या सिलिकॉन टिपने मधल्या आणि वरच्या स्वरांत 20-25 डेसिबल सहज अडतात. खोल घातलेला फोम किंवा तीन थरांची टिप 30 च्या पुढे जाते. इअरबड जवळपास काहीच अडवत नाही. हा आकडा थेट कानाच्या आरोग्याशी बांधलेला आहे. भोवती 80 डेसिबलचा घरघराट असेल तर इअरबडवर गाणं त्याच्या वर न्यावं लागतं, म्हणजे 85-90 वर. त्याच जागी आयईएमवर 70 ला काम भागतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास अशी मर्यादा सुचवली आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला अडीच. रोज दोन तास गर्दीच्या प्रवासात इअरबड मोठ्याने ऐकणारा माणूस ही मर्यादा आठवड्याच्या मध्यातच ओलांडतो. म्हणून 'कानात खोल जातं म्हणून आयईएम घातक' हा समज मला फार खटकतो. गोंगाटात इअरबड जास्त घातक आहे. अट एकच, आयईएम लावल्यावर आवाज खरोखर कमी करायचा. हा सगळा फायदा रस्त्यावर मात्र तोटा ठरतो. चालताना, सायकलवर, रूळ ओलांडताना भोंगा ऐकू आलाच पाहिजे. तिथे बूच नको.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गोंगाट खोडणारे जोडही बुचावरच उभे असतात. ही युक्ती मुख्यतः साधारण 1000 हर्ट्झच्या खालच्या घरघरीवर चालते. वरचं काम टिपलाच करायचं असतं. टिपविना गोंगाट खोडणारे इअरबड आता मिळतात. ते घरघर कमी करतात, पण बोलणी आणि भांड्यांचा खणखणाट बऱ्यापैकी आत येतो.

रंगमंचावर वापरायचं असेल तर इअरबड बाद. ड्रमशेजारी आवाज 100 डेसिबलच्या पुढे असतो, त्यात उघडं भोक म्हणजे मॉनिटरचा उपयोगच संपला. ब्लूटूथचे जोडही बाद, टिप कितीही चांगली असली तरी. नेहमीच्या ब्लूटूथला 150 मिलिसेकंद किंवा जास्त उशीर होतो. 120 च्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 125. म्हणजे तुम्ही वाजवलेलं पाव मात्रेपेक्षा जास्त उशिरा तुमच्याच कानात येणार. आवाजाच्या भाषेत सांगायचं तर 50 मीटर लांब उभं राहून स्वतःला ऐकायचं. मंचासाठी कमरेला लावायचा रेडिओ रिसीव्हर किंवा थेट वायर लागते, आणि वाटेत लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारी सोय, हवाच. माइक पडला किंवा कुणी वायर उपटली तर तो धडाका थेट बंद नळीत, पडद्यापासून काही मिलिमीटरवर फुटतो.

मंचावरची सगळ्यात महाग पडणारी सवय म्हणजे 'प्रेक्षक ऐकू येत नाहीत' म्हणून एक कान काढून ठेवणं. काढलेल्या कानावर मंचाचा पूर्ण मारा होतो. उरलेल्या कानाला दोन कानांची भरपाई करायला आवाज वाढवावा लागतो. दोन्ही कान एकदम खराब करायची ही पद्धत आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावा, त्यांचा आवाज दोन्ही कानांत थोडा मिसळा. एकटेपणा जातो आणि दोन्ही कान झाकलेले राहतात.

आता विजेकडे. इथे आकडे वाचताना लोक फसतात. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा, काही कंपन्या प्रति मिलिवॅट देतात, काही प्रति व्होल्ट, आणि लोक त्या दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतात. ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. 16 ओहमच्या जोडाला प्रति मिलिवॅट आकड्यात 18 मिळवा, 32 ओहमला 15 मिळवा, मग प्रति व्होल्ट आकडा येतो. म्हणजे '32 ओहम, प्रति व्होल्ट 120' आणि '32 ओहम, प्रति मिलिवॅट 105' हे दोन्ही एकच आहेत. 16 ओहम आणि प्रति मिलिवॅट 110 असं आयईएम 0.13 व्होल्टच्या आतच 110 डेसिबल गाठतं. एवढ्या हलक्या जोडाला वेगळा अँप्लिफायर कशाला? उलट ताकदवान अँपवर शांत जागी 'स्सस्स' असा फुसकारा ऐकू येतो आणि आवाजाचं बटण पहिल्या दोन खुणांतच फिरवावं लागतं. इअरबडमध्ये मात्र 130, 150, 300 ओहमचीही मॉडेल्स असतात, आणि ती साध्या फोनवर खरोखर दबून वाजतात.

ड्रायव्हरचे दोन मुख्य प्रकार: नेहमीच्या स्पीकरसारखा गोल पडद्याचा डायनॅमिक, आणि चुंबकांमधली बारीक पट्टी हलवणारा बॅलन्स्ड आर्मेचर. बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर अनेक असलेल्या आयईएमला आणखी एक खोड असते. त्यांचा रोध स्वरागणिक बदलतो. समजा एका ठिकाणी 8 ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी 40. ज्या यंत्राला ते जोडलंय त्याचा स्वतःचा रोध 10 ओहम असेल तर 8 च्या जागी आवाज 7 डेसिबल पडतो आणि 40 च्या जागी फक्त 2. म्हणजे आयईएमची मूळ घडण 5 डेसिबलने वाकडी झाली. तेच यंत्र 1 ओहमचं असतं तर फरक 1 डेसिबलच्या आत राहिला असता. लॅपटॉपवर आणि फोनवर एकच जोड दोन वेगळ्या कंपन्यांचा वाटतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेल्या आयईएमचा आणि इअरबडचा रोध जवळपास सपाट असतो, त्यांना ही बाधा होत नाही.

ड्रायव्हरची संख्या गुणवत्तेचं माप नाही. एक नीट बसवलेला डायनॅमिक ड्रायव्हर आठ घाईने जोडलेल्या ड्रायव्हरांना भारी पडतो, कारण संख्या वाढली की त्यांचे पट्टे एकमेकांना जुळवणं अवघड होत जातं. यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

बिघाड शोधताना क्रम पाळा. एक बाजू बारीक झाली तर वायर सुटी होणाऱ्या जोडात दोन्ही बाजूंच्या वायरी अदलाबदल करून लावा. बारीकपणा वायरीबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष वायरीत. त्याच कवचात राहिला तर टिप काढून आयईएमच्या तोंडाची जाळी उजेडात बघा. दहापैकी बहुतेक वेळा तिथे कानातल्या मळाची पिवळसर चकती बसलेली असते. तोंड खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. पिन किंवा सुई घालू नका, जाळी आत गेली की मागचा ड्रायव्हर उघडा पडतो. जाळीवर अल्कोहोल ओतू नका, गोंद सुटतो. सिलिकॉन टिप काढून कोमट साबणपाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. फोमची टिप दोन-तीन महिन्यांत मऊपणा गमावते, फुगायला वेळ लावते. ती टाकून द्यावी. घामानंतर आवाज बसला आणि रात्रभर कोरड्या डबीत सिलिका जेलबरोबर ठेवल्यावर परत आला, तर तो ओलावाच होता.

दोन पिनांच्या वायरीत एक फसवा दोष असतो. 0.78 मिलिमीटरच्या त्या पिना एका बाजूला उलट्या घुसल्या की दोन्ही बाजू चालू दिसतात, आवाज बारीकही होत नाही, पण बेस पोकळ लागतो आणि मधोमध असायला हवा तो गायक धूसर होऊन दोन्हीकडे पांगतो. सील तपासून झालं आणि तरी असं वाटलं, तर एका बाजूची पिन उलटी करून बघा. वायर जोडायचा दुसरा प्रकार म्हणजे एमएमसीएक्सचा गोल जोड. तो उलटा लागू शकत नाही, पण सारखा फिरवला की झिजतो आणि खरखर सुरू होते. तो विनाकारण काढू नका.

सानुकूल साच्याचं आयईएम हवं असेल तर सगळं यश कानाच्या ठशात आहे. श्रवणतज्ज्ञाने आधी कान तपासून मळ काढायला हवा, मग पडद्याच्या रक्षणासाठी दोरा बांधलेला स्पंज आत ठेवायचा आणि मगच सिलिकॉन भरायचं. ठसा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलेला पाहिजे. गाणाऱ्याचा ठसा तोंड उघडं ठेवून, दातांत ठोकळा धरून घ्यावा. मिटल्या तोंडाने घेतलेल्या ठशाचं आयईएम लांब 'आ'कार लावला की सुटतं, आणि ऐन समेवर बेस निघून जातो.

मग घ्यायचं कोणतं? गोंगाटात प्रवास, मंच, ध्वनिमुद्रण, बेस महत्त्वाचा: आयईएम, आणि त्याबरोबर किमान तीन वेगळ्या आकारांच्या टिपा. शांत खोली, दिवसभर फोन, लहान मुलाच्या हाकेकडे कान ठेवायचा, किंवा नळीत काही घातलेलं सहनच होत नाही: इअरबड आणि सुट्या टोपड्यांचं पाकीट. दोन्ही परिस्थिती रोज येत असतील तर एका महाग जोडापेक्षा दोन मध्यम जोड घ्या. एकच वस्तू कानाचं भोक उघडंही ठेवू शकत नाही आणि बंदही.

कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, नळीत खाज किंवा सूज असेल, तर बरं होईपर्यंत आयईएम बंद. ज्यांचा मळ लवकर घट्ट होतो त्यांनी ते सलग फार वेळ घालू नये, कारण बूच मळाची बाहेर यायची वाट अडवतं आणि दर वेळी त्याला थोडा आत ढकलतं. अशा कानात कापसाची काडीही घालू नका, तीही तेच करते. आणि टिप कुणाशी वाटून वापरू नका. आयईएम मित्राला ऐकायला द्यायचं असेल तर द्या, त्याच्यासाठी वेगळी टिप चढवून.